अंग बाहेर येणे आणि पेसरी : दोन वर्षे रिंग वापरल्यानंतरचे टिपण

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री ९.१०

माझे वय ५४ आहे, मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि गेली दोन वर्षे पेसरी, म्हणजे उतरलेल्या अंगाला आधार देण्यासाठी योनीमार्गात बसवायची रिंग, वापरते आहे. या विषयावर मराठीत शोधायला गेले तेव्हा ‘शस्त्रक्रिया करून घ्या’ आणि ‘व्यायाम करा’ या दोन वाक्यांपलीकडे फारसे काही हाती लागले नव्हते, म्हणून हा धागा काढते आहे.

आपल्याकडे याला अंग बाहेर येणे, अंग उतरणे किंवा पिशवी खाली सरकणे म्हणतात. गोठ्यातल्या गाईचे मायांग बाहेर आले तर अर्ध्या रात्री पशुवैद्याला फोन जातो, पण घरातली बाई तेच दुखणे दहा-दहा वर्षे लुगड्याआड झाकून ठेवते, हे मी माझ्या आजीच्या बाबतीत पाहिलेले आहे.

माझी दोन बाळंतपणे झाली. पहिले फार लांबले होते आणि शेवटी चिमटा लावून मुलगा काढावा लागला. पाळी ४९व्या वर्षी गेली आणि त्यानंतर वर्षभरात ओटीपोटात ओढ लागू लागली. सकाळी काही नसे. सहावा तास संपेपर्यंत मात्र खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटे, आणि घरी येऊन पंधरा मिनिटे आडवे पडले की ते नाहीसे होई. एके संध्याकाळी अंग धुताना लिंबाएवढा मऊ, ओलसर गोळा हाताला लागला, तेव्हा मी घाबरून गाठच आली असे समजले.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ‘पिशवी काढून टाकू, आता तिचा उपयोग तरी काय’ असे सांगितले. दुसरीकडे व्यायामाचा छापील कागद मिळाला. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र आडवे झोपवून आणि उभे करून, दोन्ही वेळा खोकायला लावून तपासले. मूत्राशयाची भिंत पुढून खाली आली आहे, तिच्यासोबत गर्भाशयही थोडे उतरले आहे आणि हा दुसऱ्या टप्प्याचा भ्रंश, म्हणजे अंग उतरणे, आहे, असे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. मग त्यांनी कपाटातून एक डबा काढला, ज्यात लहानापासून मोठ्यापर्यंत सिलिकॉनच्या रिंगा ओळीने लावलेल्या होत्या. तो डबा त्यांच्याकडे होता म्हणूनच मला हा पर्याय मिळाला, असे मी आजही मानते.

आता मुख्य गोष्ट. पेसरी म्हणजे चष्म्याचा नंबर काढण्यासारखे आहे, एका फटक्यात तो लागत नाही. मला आधी ६५ मिलिमीटरची रिंग बसवली. डॉक्टरबाईंनी मला व्हरांड्यात चालायला लावले, जिना चढायला लावला, उकिडवे बसवले आणि लघवी होते की नाही हे पाहूनच घरी सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी देशी पद्धतीच्या संडासात बसल्यावर ती रिंग निसटून खाली पडली. मी इतकी खजील झाले की त्यांना फोन करायला दोन दिवस घेतले. मग ७५ची बसवली, तर बसताना टोचायची आणि लघवी अडून अडून व्हायची. शेवटी ७०ची, मध्ये पातळ पडदा असलेली रिंग बसली, आणि ती बसली हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी समजले, कारण सहावा तास संपला तरी मला खालचे काहीच आठवले नव्हते.

पहिली रिंग पडली तेव्हाच मी ‘हे आपल्याला लागू पडत नाही’ म्हणून सोडून दिले असते. माझ्या दोन ओळखीच्या बायकांनी तसेच सोडले आहे, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

जाईजुई | ३ जून, रात्री ११.४५

इतके स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला ४७व्या वर्षी हाच त्रास सुरू झाला आहे आणि पुढच्या आठवड्यात रिंग बसवायला जायचे आहे. काही प्रश्न विचारते, ते बाळबोध वाटले तर क्षमा असावी. ती आत असल्याचे दिवसभर जाणवते का? ती घरी स्वतःच काढायची असते का, की दर वेळी दवाखान्यात जावे लागते? आणि ती आत ‘हरवत’ तर नाही ना? या शेवटच्या भीतीने मला झोप लागत नाही.

कृष्णाकाठ | ४ जून, सकाळी ६.३०

जाईजुई, हरवत नाही. योनीमार्ग वरच्या बाजूला बंद असतो, तिथून पोटात जायला वाट नाही. हाच प्रश्न मीही विचारला होता आणि डॉक्टरबाई हसल्या नव्हत्या.

नीट बसलेली रिंग जाणवत नाही. जाणवत असेल तर माप चुकले आहे किंवा ती आत फिरली आहे, असे समजावे.

काढण्याचे मला शिकवले गेले आणि तीन खेपांत जमले. नखे कापायची, हात धुवायचे, एक पाय चौरंगावर ठेवायचा आणि तर्जनी रिंगच्या कडेत अडकवून खाली व किंचित बाहेर ओढायची. ती निम्मी बाहेर आली की आपोआप दुमडते. पहिल्या दोन वेळा बोट पोहोचेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी दात साफ करण्याचा दोरा रिंगला पक्का बांधून दिला आणि त्याचे टोक धरून ती सहज निघाली. आत घालताना मधोमध दुमडली की ती हुबेहूब करंजीसारखी दिसते. तशीच धरून, जराशी वंगण-जेली लावून, टोक मागे माकडहाडाच्या दिशेने ठेवत आत सारायची. आत गेली की ती उघडते.

मी दर शनिवारी रात्री काढते, साध्या साबणाने आणि पाण्याने धुते, कोरडी करते आणि रविवारी सकाळी पुन्हा घालते. ज्यांना स्वतःला काढणे जमत नाही त्यांनी ठरावीक महिन्यांनी दवाखान्यात जावे. मलाही तपासणीसाठी जावेच लागते, ते चुकवायचे नसते.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. रिंग बसल्यावर लघवी मोकळी होऊ लागली, पण शिंकताना ती थोडी गळूही लागली. विचारल्यावर कळले की खाली ओघळलेल्या मूत्राशयामुळे मूत्रनलिकेला पीळ पडलेला होता, म्हणून गळती झाकली गेली होती. बागेतल्या पाइपचा पीळ सुटावा तसे झाले. व्यायामाने ते बरेच कमी आले आहे, पूर्ण गेलेले नाही.

सडेतोड | ४ जून, दुपारी १.२०

माझे मत वेगळे आहे आणि ते मांडतो. शरीरात महिनोनमहिने परकी वस्तू ठेवणे हे पटण्यासारखे नाही. माझ्या मावशीला अशाच रिंगेमुळे घाण वासाचे पाणी जात असे आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागलीच. मग आधीची तीन वर्षे कशासाठी घालवली? एकदा शस्त्रक्रिया केली की विषय संपतो.

ओपीडी_क्रमांक_७ | ४ जून, रात्री १०.०५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाच्याही प्रकृतीचे निदान करणार नाही, पण सडेतोड यांच्या मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवे, कारण हाच प्रश्न मला ओपीडीत रोज नातेवाईक विचारतात, रुग्ण स्वतः क्वचितच विचारते.

शस्त्रक्रियेने विषय संपतो हे गृहीतक बरोबर नाही. ज्या स्नायूंचा आणि ऊतींचा आधार ढिला पडलेला असतो त्याच ऊतींना टाके घालायचे असतात, त्यामुळे काही जणींत काही वर्षांनी अंग पुन्हा उतरते. गर्भाशय काढून टाकलेल्या बाईचेही योनीचे वरचे टोक खाली येऊ शकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नेदरलँड्समध्ये ४४० स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात निम्म्या स्त्रियांना आधी पेसरी आणि निम्म्यांना थेट शस्त्रक्रिया असे वाटून दिले होते. दोन वर्षांनी पेसरीच्या गटात सुमारे ७६ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ८१ टक्के स्त्रियांनी ‘बरे वाटते’ असे सांगितले. मात्र पेसरीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी त्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली होती. याचा अर्थ पेसरी निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. पेसरी लावून पाहण्यात पुढची कोणतीही वाट बंद होत नाही, असा घेते. शस्त्रक्रियेबद्दल तसे म्हणता येत नाही.

पाणी जाण्याबद्दल बोलायचे तर रिंगमुळे स्राव थोडा वाढतो, हे खरे आहे. तो पातळ आणि बिनवासाचा असेल तर चालतो. घाण वास, हिरवट-पिवळा रंग किंवा रक्ताचा अंश दिसला तर रिंग काढून तपासावे लागते. पाळी गेल्यानंतर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, रिंगच्या कडेने तिथे ओरखडा पडतो आणि मग जखम होते. म्हणूनच आम्ही बहुतेकींना आठवड्यातून दोनदा लावायचे स्थानिक इस्ट्रोजेनचे मलम देतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. मावशींना मलम दिले होते का आणि रिंग किती महिन्यांनी काढली जात होती, हे कळले तर उलगडा होईल.

आणखी एक सांगते, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले तर आधी त्याचे कारण शोधायचे, पेसरीचा विचार नंतर.

सडेतोड | ४ जून, रात्री ११.३०

मावशीला विचारले. मलम दिलेले नव्हते, आणि रिंग बसवल्यानंतर ती दोन वर्षे तपासायला गेलीच नव्हती. ‘दुखत नव्हते, मग कशाला जायचे’ असे तिचे उत्तर आहे. मी माझे मत थोडे राखून ठेवतो.

मोगरा | ५ जून, सकाळी ८.१५

सडेतोड यांनी मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही आमच्या घरचे लिहिते. माझ्या सासूबाईंना गावाकडच्या एका दवाखान्यात रिंग बसवली होती आणि नंतर त्यांनी ती कुणालाही सांगितली नाही, अगदी सासऱ्यांनाही नाही. सहा वर्षांनी त्या आमच्याकडे शहरात राहायला आल्या. साडीला रक्ताचे डाग दिसले म्हणून मी त्यांना जबरदस्तीने नेले, तेव्हा डॉक्टरांनी आत पाहून विचारले की ही कधीची आहे. रिंगभोवती मांस वाढून ती रुतून बसली होती आणि भूल देऊन कापून काढावी लागली. सुदैवाने मूत्राशयाला भोक पडलेले नव्हते. तसेही होऊ शकते, असे आम्हाला सांगण्यात आले.

त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण रिंग बसवणाऱ्याने पुन्हा कधी यायचे हे कागदावर लिहून दिलेले नव्हते. माझी विनंती इतकीच की घरात कुणाला रिंग बसवली असेल तर ती गोष्ट किमान एका माणसाला ठाऊक असावी आणि तारीख कालनिर्णयवर लिहिलेली असावी, भले ‘दवाखाना’ एवढेच लिहा.

आडवाट | ५ जून, दुपारी ४.५०

पुरुषाने इथे लिहावे की नाही याचा विचार करत होतो, पण आईची सगळी ने-आण मीच करतो, म्हणून लिहितो. आई ७८ वर्षांची आहे. तिची पिशवी वयाच्या ३६व्या वर्षी काढलेली आहे. ती का काढली हे आज तिला नीट सांगता येत नाही, ‘सूज आहे म्हणाले’ एवढेच तिला आठवते. आता योनीचे वरचे टोक पूर्ण बाहेर येते. तिला हृदयविकार आहे, त्यामुळे भूल देण्यास डॉक्टर तयार नाहीत.

तिच्यासाठी रिंग टिकली नाही. तीन मापे वापरून पाहिली, पण उभे राहताच निसटत असत. मग डॉक्टरांनी छत्रीसारखी दिसणारी, मध्ये दांडा असलेली पेसरी बसवली, जिला गेलहॉर्न म्हणतात. तिची वाटीसारखी बाजू वर राहते आणि योनीच्या वरच्या टोकाशी चिकटून आधार देते. ती आईला चांगली बसली आहे. ती तिला स्वतःला काढता येत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. काढताना तिला दुखते आणि ते पाहणे मला जड जाते. परंतु यापूर्वी ती दिवसभर पलंगावरून उतरत नसे, आणि आता सकाळी तुळशीला पाणी घालायला स्वतः अंगणात जाते.

डॉक्टर, रिंग तिला का बसली नाही?

ओपीडी_क्रमांक_७ | ५ जून, रात्री ९.४०

आडवाट, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. रिंगची पुढची कड जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, मागे आणि मागची कड गर्भाशयमुखामागच्या खळगीत टेकते. गर्भाशय काढलेले असले की ती मागची खळगी राहत नाही आणि योनीमार्गही अनेकदा आखूड झालेला असतो. त्यात खालचे तोंड सैल असेल तर रिंगला अडकायला जागाच उरत नाही. अशा वेळी गेलहॉर्न किंवा घनाकृती पेसरी कामी येते. घनाकृती पेसरी शोषून धरते, त्यामुळे ती रोज रात्री काढावी लागते, आणि तुमच्या आईंसारख्या वयाच्या स्त्रीला ते झेपत नाही. काढण्याआधी सुन्न करणारी जेली लावून काही मिनिटे थांबता येते. पुढच्या खेपेस डॉक्टरांना तसे जरूर विचारा.

३६व्या वर्षी ‘सूज’ म्हणून पिशवी काढली, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मोजणे सोडून दिले आहे.

माणदेशी | ६ जून, दुपारी १२.१०

त्या वाक्यावरूनच पुढे लिहिते. मी मराठवाड्यात आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे काम करते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्यांचे अंग बाहेर येत होते असे मुळीच नाही. कुणाला पाळीचा त्रास होता, कुणाला अंगावरून पांढरे जात होते आणि कुणाला कर्करोगाची भीती घातलेली होती. पण ‘खाली ओढ लागते’ हे सांगणाऱ्या बायकाही त्यांत होत्या, आणि त्यांच्यापुढे रिंगचा पर्याय कुणी ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तरीही पेसरी तिथे सहज चालेल असे मी म्हणणार नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याच्या भागात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिथे पालात राहायचे, पाणी मोजके, संडास नाही, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढायचे. खाली रिंग आणि डोक्यावर मोळी, हे गणित कितपत जमणार? दर आठवड्याला ती धुवायची कुठे, हाही प्रश्न आहेच. माझ्या परीने मी एवढेच सुचवते की गावाहून निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा तपासणी पक्की व्हावी, आणि काढायला शिकवल्याशिवाय अशा बाईला रिंग बसवूच नये, म्हणजे त्रास झाला तर फडातही ती स्वतः काढू शकेल.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के होत्या. मोगरा यांच्या सासूबाईंनी नवऱ्यालाही सांगितले नाही, हे वाचताना मला ते आठ टक्के आठवले.

थेम्सकाठी | ६ जून, रात्री ११.५५

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून रिंग वापरते, म्हणून इथली पद्धत थोडक्यात सांगते. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यासाठी आधी किमान १६ आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ओटीच्या स्नायूंचे व्यायाम करायला सांगतात, आणि पेसरीचा पर्याय एकट्याने किंवा त्यासोबत देतात. माझी पेसरी परिचारिकेनेच बसवली, डॉक्टरांनी नव्हे. शस्त्रक्रियेत योनीमार्गाने आधाराची कृत्रिम जाळी घालण्यावर इथे २०१८ मध्ये निर्बंध आले आणि अमेरिकेत २०१९ मध्ये अशा जाळीची विक्री थांबवली गेली. त्यानंतर पेसरीकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, असे माझ्या परिचारिकेचे म्हणणे आहे.

स्वतः काढण्या-घालण्याबद्दल एक उपयुक्त गोष्ट. ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. काही जणींना घरी स्वतः काळजी घ्यायला शिकवले आणि काहींनी दवाखान्यात येत राहायचे, असे दोन गट होते. १८ महिन्यांनंतर जगण्याच्या गुणवत्तेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, पण स्वतः काळजी घेणाऱ्यांत गुंतागुंत कमी झाली. मला हे वाचून धीर आला, कारण माझी आई फोनवर सतत ‘ते तू स्वतः हात लावू नकोस, डॉक्टरांनाच करू दे’ असे बजावत असते.

दुपारची_झोप | ७ जून, पहाटे ३.२०

बाळाला पाजून झोपवले आणि हा धागा एका दमात वाचून काढला. मी ३१ वर्षांची आहे आणि बाळ पाच महिन्यांचे आहे. सव्वा महिना झाल्यावर पहिल्यांदा बादली उचलली तेव्हा खाली काहीतरी आल्यासारखे वाटले. डॉक्टरांनी तपासून पुढची भिंत थोडी उतरल्याचे सांगितले आणि ‘इतक्यात काही करायचे नाही’ म्हणाले. सासूबाई म्हणतात की बाळंतपणात पोट बांधले नाही म्हणून असे झाले. मला अजून एक मूल हवे आहे. पेसरी माझ्या वयात वापरतात का, आणि ती असताना शरीरसंबंध ठेवता येतात का, हे दोन प्रश्न मला दवाखान्यात विचारता आले नाहीत, कारण सासूबाई शेजारीच बसलेल्या होत्या.

ओपीडी_क्रमांक_७ | ७ जून, सकाळी ७.४५

पोट न बांधल्यामुळे अंग उतरत नाही, त्यामुळे तो दोष मनातून काढून टाका. पोट करकचून बांधल्याने उलट खाली दाब वाढतो.

बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात ऊती बऱ्याच सावरतात, आणि पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे तोवर सगळे जास्त सैल आणि कोरडे वाटते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी घाई केली नाही, ते योग्यच आहे. पण ‘काही करायचे नाही’ याचा अर्थ व्यायामही करायचे नाहीत असा होत नाही. केगल यांच्या नावाने ओळखले जाणारे ओटीच्या स्नायूंचे व्यायाम कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. निम्म्या स्त्रिया आकुंचन करण्याऐवजी खाली जोर देतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्याने नुकसानच होते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका.

पेसरी तुमच्या वयात जरूर वापरतात. उभ्याने बराच वेळ काम असेल किंवा व्यायाम करायचा असेल तेवढ्यापुरती घालून नंतर काढणाऱ्याही स्त्रिया आहेत. रिंग आत ठेवून शरीरसंबंध ठेवता येतात किंवा त्याआधी ती काढून ठेवता येते, दोन्ही चालते. गेलहॉर्न आणि घनाकृती पेसरी मात्र आधी काढावीच लागते.

पुढचे मूल हवे असेल तर मोठी शस्त्रक्रिया शक्यतो नंतर करतात. तरुण वयात अंग उतरण्याचा प्रश्न आपल्याकडे पूर्वीपासून आहे. म्हणूनच मुंबईत शिरोडकर आणि पुरंदरे यांच्यासारख्या शल्यविशारदांनी गर्भाशय न काढता त्याला पट्टीचा आधार देऊन वर टांगण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या, आणि त्या त्यांच्याच नावांनी शिकवल्या जातात. त्यामुळे ‘अंग उतरले म्हणजे पिशवी काढणे’ हे समीकरण आपल्याच वैद्यकपरंपरेने फार पूर्वी मोडलेले आहे.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘मला एकटीशी बोलायचे आहे’ असे चिठ्ठीवर लिहून द्या. आम्हाला ते चालते, सासूबाईंना बाहेर बसवण्याचे काम आमचे.

वाळा | ७ जून, दुपारी २.३५

माझ्या वैद्यांनी तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, आत ठेवायला सांगितले आहे. पेसरीसोबत तो ठेवला तर चालेल का?

ओपीडी_क्रमांक_७ | ७ जून, रात्री १०.२०

दोन्ही एकाच वेळी आत नको. कापसाचा बोळा रिंगमागे अडकून राहिला तर संसर्ग होतो, आणि तो काढायचा राहून गेलेल्या रुग्णा मी पाहिल्या आहेत. पिचूने कोरडेपणा कमी वाटू शकतो, पण उतरलेले अंग तो धरून ठेवत नाही. कोणता उपचार कधी, हे तुमच्या वैद्यांना आणि डॉक्टरांना एकमेकांबद्दल सांगून ठरवा. एकाला दुसऱ्याचे कळू न देणे, ही सगळ्यांत वाईट पद्धत आहे.

जाईजुई | १४ जून, सायंकाळी ७.००

बसवून आले. पहिल्याच खेपेला माप लागेल अशी आशा होती, तसे झाले नाही. पहिली रिंग खोकल्याबरोबर दारापर्यंत आली आणि मी ओशाळून हसू लागले, तर डॉक्टरही हसल्या. दुसरी बसली आहे. काल भाजी मंडईत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अर्धा तास उभी होते, काही जाणवले नाही. मात्र काढण्याचा प्रयत्न केला तर बोट कडेपर्यंत पोहोचते आणि निसटते. दोरा नेमका कुठे बांधायचा?

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री ८.२५

पडदा असलेली रिंग असेल तर पडद्याला भोके असतात. त्यांपैकी कडेजवळच्या भोकातून दोरा ओवून कडेभोवती गाठ मारायची आणि टोक चार-पाच बोटे लांब ठेवायचे. पण आधी एक करून पाहा. बोटाने शोधत असतानाच शौचाला बसल्यासारखा हलका जोर दिला की रिंग स्वतःच थोडी खाली येते. मला हे कळले तेव्हापासून दोऱ्याची गरज पडलेली नाही. आणि अंघोळीनंतर लगेच करू नका, हात ओले असले की ती फारच निसटते.

दुपारची_झोप | २६ जून, रात्री १.१०

चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी ती वाचली, काही न बोलता सासूबाईंना ‘बाळाला जरा बाहेर वारा लागू द्या’ म्हणून पाठवले आणि दार लावून घेतले. व्यायाम चुकीचा करत होते, म्हणजे डॉक्टर म्हणतात तसा खालीच जोर देत होते. तीन महिने नीट करून मग रिंगचे माप पाहायचे ठरले आहे. परत येताना रिक्षात सासूबाईंनी बराच वेळ गप्प राहून विचारले की ती रिंग ‘माझ्या वयाच्या बाईलाही बसवतात का’. पुढच्या मंगळवारी त्यांना घेऊन जाते आहे.